श्रावणात लावा आढळत नाही

श्रावण लागला की कुणाला उपास आठवतात, कुणाला झोके. माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं झाली तरी फिरतं, आणि ते फिरू नये अशी माझी इच्छाही नाही.

त्याला कारण एक छापील वाक्य आहे. ‘श्रावणात हा पक्षी या भागात आढळत नाही.’ हा पक्षी म्हणजे लावा आणि हा भाग म्हणजे आमचा खानदेश. वाक्य धडधडीत खोटं आहे. ते कसं जन्माला आलं ते मला ठाऊक आहे, कारण त्याच्या मागचेपुढचे सगळे आकडे माझ्या हातांनी काढलेले आहेत. त्या वाक्याला मी मान डोलावली असती, तर माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं असतं. मी डोलावली नाही.

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही भुसावळचे. वडील रेल्वेत फिटर, राहायला रेल्वे कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. आमच्या बौद्ध वस्तीत आणि सगळ्या नात्यागोत्यात एम.एस्सी. झालेली मुलगी मी एकटी. धुळ्याच्या एका कॉलेजात मला प्राणिशास्त्रात पीएच.डी.साठी जागा मिळाली, तेव्हा बाबांनी शेडमध्ये पेढे वाटले. मी म्हटलं, "बाबा, पेढे पदवी मिळाल्यावर वाटतात." ते म्हणाले, "तेव्हा परत वाटू." डॉक्टरेट झाली की कॉलेजात कायमची नोकरी, असा साधा हिशेब होता आणि तो एकट्या माझा नव्हता, सगळ्या घराचा होता.

माझा विषय होता लाव्याचं वर्तन आणि शरीरक्रिया. लावा म्हणजे मुठीत मावेल एवढा, मातकट रंगाचा, उडण्यापेक्षा गवतातून पळणं पसंत करणारा पक्षी. नराच्या छातीवर काळा डाग असतो. एरवी तो शेजारी असला तरी कळत नाही. पाऊस होऊन गवत वर आलं की मात्र नर बांधावरून ओरडायला लागतो, ‘व्हिच-व्हिच, व्हिच-व्हिच’, आणि एकदा लागला की थांबत नाही. वर्षभरात त्याच्या शरीरात काय काय बदलतं, तो जोडी कधी जमवतो, कुठे जमवतो, हे मला शोधायचं होतं. पक्ष्यांमध्ये विणीचा हंगाम नसला की नराचे वृषण आक्रसून मोहरीएवढे होतात आणि हंगाम आला की फुगून वालाच्या दाण्याएवढे होतात. महिन्यामहिन्याला त्यांचं वजन केलं की वर्षाचा आलेख तयार होतो. वजन करायचं तर पक्षी मारायचा. तेव्हा तीच रीत होती आणि आमच्या सरांना दुसरी माहीत करून घ्यायची नव्हती.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. पहिल्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं आणि टेबलावरच्या वस्तू दाखवल्या. मेण ओतलेला ट्रे, कात्री, चिमटे, क्लोरोफॉर्मची बरणी. म्हणाले, "माझ्याच्याने हे होत नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तुम्हाला जमेल."

मी म्हटलं, "सर, बेडकापलीकडे मीही काही कापलेलं नाही."

ते हसले. कुत्सित नाही, अगदी सहज, पावसाचं बोलावं तसं. म्हणाले, "पण तुमच्यात चालतं ना."

 त्यावरची उत्तरं मला पुढे कित्येक वर्षं सुचत राहिली. आमच्याकडे रविवारी मटण शिजायचं, ते मी नाकारत नाही. पण पंचशीलातलं पहिलं शील, जीव न घेण्याचं, मी बोलायला लागल्यापासून रोज संध्याकाळी घरात म्हणत आलेली. आणि ताटातलं मटण वेगळं नि हातात धडधडणारा जीव बरणीत घालणं वेगळं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. खोलीवर गेल्यावर मला जेवण गेलं नाही. सरांना हा फरक कळायचं काही कारण नव्हतं, कारण ते दारात उभे असायचे.

दारात म्हणजे खरोखर दारात. नाकाला रुमाल, पाठ अर्धी वळलेली. आतून मी वजन सांगायची, बाहेरून ते पुढची सूचना द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. काम संपलं की ते नळावर जाऊन साबण लावून हात धुवायचे. कशाला बोटही लावलेलं नसायचं, तरी खळखळून धुवायचे. रक्ताचे हात माझे, आणि छापून येताना पहिलं नाव त्यांचं.

पक्षी साक्रीच्या आठवडे बाजारातून यायचे. तिथे लावे विकायला बसत, टोपलीवर जाळी आणि जाळीवर ओला फडका टाकून. घेणारे घरी नेऊन रस्सा करायचे, मी धुळ्याला आणून आलेख करायची. एसटीत टोपली मांडीवर घेऊन बसले की आतून पायांची खुडबुड लागायची. मी खिडकीबाहेर बघत बसायची.

एकदा आषाढात एक नर बरणीपाशीच माझ्या हातून निसटला. टेबलांखालून पळत तो थेट दारात, सरांच्या पायाशी गेला. मला वाटलं, आता हे किंचाळतात. पण सरांनी रुमाल खिशात टाकला, वाकले आणि झडप न घालता वरून ओंजळीने त्याला अलगद झाकलं. मग उचललं ते मान दोन बोटांमध्ये, पाठ तळहाताला, पाय मागे मोकळे. पक्षी गप्प झाला. मी एवढ्या महिन्यांत तसं धरायला शिकले नव्हते. मी विचारलं, "सर, हे तुम्ही कुठे शिकलात?" ते म्हणाले, "घ्या, घ्या लवकर," आणि तो पक्षी माझ्या हातात देऊन नळाकडे गेले. मी बरणीचं झाकण उघडलं.

आषाढ संपताना घराघरांत गटारी साजरी होते. आमच्या प्रयोगशाळेचीही व्हायची. अमावास्येआधीच्या दिवसांत सर मला भराभर कापायला लावायचे, कारण पुढे श्रावण. श्रावण लागला की कात्र्या, चिमटे, ट्रे स्वच्छ धुऊन कपाटात जायचे, कपाटाला कुलूप लागायचं, किल्ली सरांच्या खिशात. वजनाच्या तराजूपुढे नारळ ठेवला जायचा. श्रावणात जीवहत्या नको, मग भाद्रपदात गणपती, म्हणून थेट अनंत चतुर्दशी झाल्यावर कुलूप उघडायचं. बाजारातही त्या दिवसांत लावे येत नसत. लोक खात नाहीत तर विकणारा आणेल कशाला?

मला या कुलपाचं काही वाईट वाटलं नव्हतं, हे आधी सांगते. उलट हायसं वाटायचं. मीही सुट्टीवर आणि पक्षीही. त्या दिवसांत कापाकापी नाही, तर निदान जिवंत लावा बघावा, म्हणून मी साक्री रस्त्यावरच्या एका गावात जायला लागले. पहाटेची एसटी, मग पायी. तिथे एका शेतकरी कुटुंबाची बाजरी होती, शेजारी गावाचं गायरान आणि मध्ये रुंद बांध. मी दोन-तीन दिवस बांधाच्या कडेला पोटावर पडून राहिलेली बघून त्या शेताच्या मालकीणबाई आल्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही म्हणायला लागले.

"काय व बई, काय दवडनं तुनं आठे?" त्यांनी विचारलं.

माझं काही हरवलेलं नाही, मी लावा बघायला येते, असं मी सांगितलं. 

"मंग पाय देखीसन ठेव," त्या म्हणाल्या. "बठ्ठा बांधवर त्यासना पिल्ला शेतस."

आणि होतीच पिल्लं. सगळ्या बांधभर. मला ते दिवस अजून डोळ्यांसमोर दिसतात. नर उंचवट्यावर उभा राहून छाती काढून ओरडायचा. मादी गवतातून हळू यायची, मध्येच थांबून काही टिपल्यासारखं करायची, जणू तिचं इकडे लक्षच नाही. मग नर एक पंख जमिनीला लावून तिच्याभोवती फेऱ्या घालायचा. ती उठून चालायला लागली की ओरडणं पुन्हा पहिल्यापासून. गवताच्या बुडाशी उकरलेल्या खळग्यात ठिपक्यांची अंडी. अंड्यातून निघालेलं पिल्लू अंग सुकताच आईमागे धावायचं, आणि माझी सावली पडली की जागच्या जागी माती होऊन जायचं. मी हसायची. प्रयोगशाळेत मी कधी हसल्याचं आठवत नाही.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाला मी गेले तर अक्कांच्या घरी नैवेद्याच्या रोटांचा घमघमाट सुटला होता. अक्का ओट्यावर येऊन म्हणाल्या, "रोट घरनाच मानसे खातस, बई. तुले देता येत नही." आणि मला कळण्याची भाकरी नि शेंगदाण्याची चटणी दिली. रिवाज तोही होता. पण तोंडावर सांगितलेला होता आणि घरच्या सुनेच्या माहेरच्यांनाही तोच लागू होता. मला त्याचा राग आला नाही. कुठल्या रिवाजाचा राग यावा आणि कुठल्याचा नाही, हे मला चांगलं कळतं.

अनंत चतुर्दशी झाली, कुलूप उघडलं, काम पुन्हा सुरू झालं. वर्षाअखेर सरांनी आलेख काढला. आषाढातले पक्षी नुकते हंगामाला लागलेले, त्यांचे वृषण तुरीच्या दाण्याएवढे. चतुर्दशीनंतरचे पक्षी हंगाम उरकून बसलेले, त्यांचेही साधारण तेवढेच. मध्ये मोठी मोकळी जागा. सरांनी पट्टी ठेवली आणि इकडचा ठिपका तिकडच्या ठिपक्याला सरळ रेघेने जोडला. सबंध वर्षात वालाचा दाणा कुठे दिसलाच नाही. म्हणजे हा पक्षी खानदेशात पिल्लं काढतच नाही.

मग प्रश्न आला, श्रावणात तो जातो कुठे? त्याचंही उत्तर सरांनी शोधलं. आषाढात तो इथून पुढे जातो, दूर कुठेतरी पिल्लं काढतो आणि भाद्रपदात परतीच्या वाटेवर पुन्हा दिसतो. स्थानिक स्थलांतर. नवा शोध. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘श्रावणात नमुने उपलब्ध झाले नाहीत.’ दुसऱ्यात झालं, ‘श्रावणात पक्षी आढळले नाहीत.’ तिसऱ्यात, ‘आढळत नाही.’ आम्ही श्रावणात मारत नाही, लोक श्रावणात खात नाहीत, म्हणून पक्ष्याने श्रावणात खानदेश सोडला. आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू व्हायचा. भिक्खूंनी पावसात हिंडू नये, गवतात कोवळे जीव असतात, पायाखाली येतात, असं मला लहानपणी सांगितलेलं. पावसाळ्यात गवतात काय असतं हे इतक्या जुन्या काळच्या माणसांना माहीत होतं. आमच्या विज्ञानाला नव्हतं.

मी सरांना सांगितलं, "सर, श्रावणात लावे असतात. मी पाहिलेत. अंडी पाहिलीत, पिल्लं पाहिलीत."

"पाहणं हा छंद झाला," ते म्हणाले. "शास्त्राला आकडा लागतो."

ठीक आहे, आकडा. मी ग्रंथालयात बसले. पाळीव लाव्यांवरचं काही वाचायला मिळालं. त्यांच्या नराच्या शेपटीखाली एक गाठ असते. वृषण फुगले की ती गाठही फुगते आणि हलकेच दाबली की तिच्यातून साबणासारखा पांढरा फेस येतो. म्हणजे पक्षी न मारता बाहेरून कळतं की आत काय चाललंय. पुढचं वर्षभर मी एक केलं. बरणीत घालण्याआधी प्रत्येक नराची गाठ कॅलिपरने मोजली आणि मग आतलं वजन केलं. दोन्ही बरोबर चालत होते. एक लहान तर दुसरं लहान, एक मोठं तर दुसरं मोठं. श्रावण आला तशी मी बारीक जाळं घेऊन अक्कांच्या बांधावर गेले, नर धरले, गाठी मोजल्या, फेस पाहिला आणि सोडून दिले. कपाटाचं कुलूप जागच्या जागी. एकाही पक्ष्याचा जीव गेला नाही, कुणाचा उपास मोडला नाही, आणि श्रावणातला आकडा हातात आला. गाठी अशा टपोऱ्या होत्या की आतला वालाचा दाणा वेगळा सांगायला नको.

मला वाटलं होतं, सर खूश होतील. मी तेव्हा तरुण होते.

त्यांनी कागद वाचले आणि फेसाच्या उल्लेखापाशी चेहरा वाकडा केला. "असली घाण मोजमापं माझ्या प्रबंधात नकोत." प्रबंध माझा होता, पण ते राहू दे. मी म्हटलं, मग फेस काढू, गाठ ठेवू. ते नाही म्हणाले. मग खरं ते बाहेर आलं. "श्रावणातला आकडा असा वेगळ्या पद्धतीने दिला, तर बाहेरचे विचारतील, बाकीच्या महिन्यांसारखा का नाही? काय सांगू?"

मी म्हटलं, "खरं सांगायचं, सर. श्रावणात आमची प्रयोगशाळा बंद असते. त्यात लाज कसली? एक ओळ लिहिली की संपलं."

मला अजूनही वाटतं की मी चुकीचं काही बोलले नाही. आवाजही चढवला नव्हता. पण सर खुर्चीतून उठले. "म्हणजे माझ्या श्रद्धेची जगभर टिंगल करायची आहे तुम्हाला. मला ठाऊक आहे हे कुठून येतं. तुम्हा लोकांना आमचे सण खुपतात."

चोर तो चोर, वर शिरजोर. प्रश्न लाव्याचा होता, तो त्यांनी माझ्या जातीचा केला. मारायची वेळ आली तेव्हा ‘तुमच्यात चालतं’, मोजायची वेळ आली तेव्हा ‘तुम्हाला खुपतं’. दोन्ही वेळा मी कोण हे त्यांनीच ठरवलं. शेवटी त्यांनी सांगितलं, श्रावण आलेखात आला तर माझी सही मिळणार नाही. ती सही नसेल तर प्रबंध पुढे जात नाही आणि प्रबंध नाही तर पदवी नाही. मी कागद उचलून बाहेर आले. रडू आलं नाही. रडले असते तर बरं झालं असतं.

भुसावळला घरी गेले. बाबा ड्युटीवरून येऊन चहा घेत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटत होतं, ते माझ्यापेक्षा जास्त चिडतील. त्यांनी बशी खाली ठेवली.

"ते म्हणतात तसं लिही," ते म्हणाले. "पदवी घे. मग हवं तेवढं भांड."

"बाबा, ते खोटं आहे."

"पक्षी कोर्टात जाणार आहे का? लिहिल्याने त्याचं काय बिघडतं? तुझं बिघडेल. आपल्याला दार एकदाच उघडतात, पोरी. परत ठोठावलं तर आतून विचारतात, कोण आहे."

मी त्यांच्यावरही संतापले. नको ते बोलले. ज्या माणसाने आयुष्यभर काळी बोटं घासून घासून मला शिकवलं, त्याला मी म्हटलं की तुम्हाला सरळ कणा म्हणजे काय ते माहीत नाही.  आईने मला डोळ्यांनी दटावलं. मला तेव्हा कळत नव्हतं की तेही चिडलेलेच आहेत, फक्त त्यांचा राग मला दारातून आत ढकलण्यासाठी होता.

प्रबंध देण्याआधी सादरीकरण असायचं. कॉलेजच्या हॉलमध्ये प्राध्यापक, बाहेरच्या कॉलेजांतले दोघेतिघे, फळा आणि खडू. सरांनी बजावलं होतं, आलेख जसा दिलाय तसाच काढायचा. मी तसाच काढला. आषाढाचा ठिपका, भाद्रपदाचा ठिपका, मध्ये सरळ रेघ. मग बाहेरून आलेल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, "मधले ठिपके कुठे आहेत?"

सर पहिल्या रांगेत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. बाबांचा चेहराही डोळ्यांपुढे आला, नव्हता आला असं खोटं कशाला सांगू? मग मी डस्टरने रेघ पुसली आणि श्रावणातले ठिपके काढले, फळ्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकतील इतके उंच. म्हटलं, "हे आहेत. हे जिवंत पक्ष्यांवरून काढलेत. आमच्याकडे श्रावणात मारत नाहीत, म्हणून आधीच्या आलेखात नव्हते."

ते वयस्कर प्राध्यापक खो खो हसायला लागले. "म्हणजे श्रावण तुमचा आणि गाव सोडलं लाव्याने?" सगळा हॉल हसला. मी हसले नाही. सरही नाही. त्या हसण्याने माझं काम खरं ठरलं आणि त्याच हसण्याने ते संपलंही. माझं म्हणणं सरांनी कदाचित पोटात घातलं असतं. चारचौघांतलं हसणं कुणी पोटात घालत नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मार्गदर्शक म्हणून नाव काढून घेतलं. कारण दिलं, विद्यार्थिनीचं वर्तन. वर्तन हा माझ्या अभ्यासाचाच विषय होता, त्यात माझंही जमा झालं. दुसरा कुणी मार्गदर्शक मला घ्यायला तयार होईना. जो तो म्हणायचा, काम चांगलं आहे, पण त्यांच्याशी वाकडं कोण घेणार? हसलेल्यांपैकीही एकजण असंच म्हणाला. पुढे सरांचा निबंध छापून आला, सरळ रेघेसकट, त्या वाक्यासकट. मी मारलेल्या पक्ष्यांची वजनं त्यात होती, माझं नाव नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा.

मी बी.एड. केलं आणि भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीपाशी एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. बाबा निवृत्त झाले. पदवीचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. कुणी पाहुणा विचारायचा, मुलगी काय करते, तर म्हणायचे, "शिक्षिका आहे," आणि लगेच दुसरा विषय काढायचे. त्या लगेचचा मला जो त्रास व्हायचा, तो सरांच्या कुठल्या वाक्याचा झाला नसेल. नव्वदचं दशक अर्धं सरलं आणि ते गेले.

त्यानंतर काही वर्षांनी सर निवृत्त झाले आणि कॉलेजने त्यांचा सत्कार ठेवला. जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं गेली, एक चुकून मलाही आलं. दिवस होता श्रावणातला. मी गेले. का गेले विचाराल, तर रागाने गेले. तो माणूस काय बोलतो ते मला ऐकायचं होतं.

कॉलेजच्या मागे तेव्हा मोकळं रान होतं, कुंपणापलीकडे गवत माजलेलं. मांडव तिकडच्याच बाजूला घातला होता. हार झाले, शाली झाल्या. कुणीतरी त्यांच्या शोधाचा, लाव्याच्या स्थलांतराचा, मोठ्या आदराने उल्लेख केला. मग सर बोलायला उठले. निसर्गाचा प्रत्येक आवाज हा आपला गुरू असतो, असं काहीतरी चाललं होतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, ‘व्हिच-व्हिच’. थोडा थांबून पुन्हा, ‘व्हिच-व्हिच, व्हिच-व्हिच’.

मांडवात कुणाचं लक्ष गेलं नाही. सरांचं गेलं. त्यांचं वाक्य मध्येच अडलं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि पिता पिता त्यांची नजर खुर्च्यांवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली. मग पेला ठेवून त्यांनी भाषण पुढे चालू केलं. लावा भाषण संपेपर्यंत ओरडत होता.

नंतर साबुदाण्याच्या खिचडीच्या बश्या फिरल्या. मी निघाले होते, तर तेच गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. थकले होते. गळ्यातला हार काढून हातात धरलेला.

"ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं."

ते कुंपणाकडे बघत हळूच, मला काही भेट द्यावी तशा आवाजात म्हणाले, "लहानपणी आमच्या शेतात श्रावणात आम्ही त्याची पिल्लं धरायचो. खूप असायची. आई ओरडायची, सोडा म्हणून. मला माहीत होतं ते."

 दारात वाकून त्यांनी त्या नराला कसं अलगद धरलं होतं, ते मला आठवलं. इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाला काही ठाऊक नव्हतं आणि ऐकून घ्यायचं नव्हतं. न कळणाऱ्याला मी कधीतरी माफ केलं असतं. याला सगळं माहीत होतं. मी बांधावर पोटावर पडून जे पाहत होते, ते याने माझ्या जन्माआधी पाहिलं होतं. आणि तरीही पट्टी ठेवून रेघ मारली होती.

ते जरा हसले. "जाऊ द्या. आता इतक्या वर्षांनी काय फरक पडतो?"

"माझ्या वडिलांनी पेढे एकदाच वाटले, सर," मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही. मी समजावून सांगितलं नाही. माझ्या हातातली खिचडीची बशी त्यांच्या हातात दिली आणि एसटी स्टँडकडे चालायला लागले.